घराभोवतीची पाच फूट जागा: कॅलिफोर्नियाचे वणव्याविषयीचे कायदे कितपत उपयोगी आहेत?

ओंजळ

नमस्कार. आम्ही सॅन फ्रान्सिस्को बे एरियाच्या पूर्वेकडच्या टेकड्यांवर एकोणीस वर्षे राहत आहोत. २०२५ च्या आरंभी कॅल फायर, म्हणजे राज्याच्या वन आणि अग्निशमन विभागाने आगीच्या धोक्याचे नवे नकाशे प्रसिद्ध केले आणि आमच्या गल्लीचा उरलेला भागही 'अतिशय जास्त धोका' या लाल रंगात गेला. त्यानंतर काही आठवड्यांनी एक तरुण तपासनीस बाई घर पाहायला आल्या. त्यांनी मापपट्टीचे एक टोक भिंतीला टेकवले, पाच फुटांवर खडूने खूण केली आणि त्या खुणेच्या आत काय काय आहे ते माझ्याकडूनच वदवून घेतले. खिडकीखाली जुनिपरचे झुडूप होते, वाफ्यात लाकडाचा भुसा पसरलेला होता, दारात काथ्याचे पायपुसणे होते, पन्हळीत दोन पावसाळ्यांची पाने कुजून वाळली होती आणि लाकडी कुंपण थेट भिंतीला येऊन भिडले होते. तुळशीपाशी त्या थांबल्या. कुंडी मातीची आहे, रोप हिरवे आहे, वाळलेल्या मंजिऱ्या मात्र काढत जा, एवढेच त्या म्हणाल्या.

कायदा थोडक्यात असा आहे. धोक्याच्या पट्ट्यातील घराभोवती शंभर फुटांपर्यंत सुकलेले गवत आणि झाडोरा काढून जागा मोकळी ठेवावी, हे बंधन राज्यात फार पूर्वीपासून आहे. २०२० साली विधिमंडळाने एबी ३०७४ (एबी म्हणजे असेम्ब्ली बिल आणि एसबी म्हणजे सेनेट बिल) मंजूर करून त्यात भिंतीलगतच्या पाच फुटांचा वेगळा पट्टा आणला, त्याला सगळे 'झोन झीरो' म्हणतात. त्याचे नियम १ जानेवारी २०२३ पर्यंत तयार व्हायचे होते, ते झाले नाहीत. जानेवारी २०२५ मधील लॉस एंजेलिसच्या आगींनंतर, फेब्रुवारीत, गव्हर्नर न्यूसम यांनी ते वर्षअखेरपर्यंत पूर्ण करण्याचा आदेश काढला.

माझे मत असे की माझ्या भिंतीलगत मी काय लावावे हे सांगण्याचा राज्याला अधिकार आहे, कारण माझ्या घराची आग माझ्या कुंपणात थांबणार नाही. परंतु आमचे आणि शेजारचे घर यांत जेमतेम बारा फुटांचे अंतर आहे. मी सगळे केले आणि शेजाऱ्यांनी काहीच केले नाही, तर या कायद्याने मला काय मिळाले? आपल्यापैकी जे आगीतून गेले आहेत किंवा या क्षेत्रात काम करतात, त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

मोरपंखी

विषय काढलात हे फार बरे केलेत. आमच्याकडेही तपासणीची नोटीस आली आहे. वाचत आहे.

पायवाट

आम्ही २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये सांता रोझा येथील कॉफी पार्क भागात राहत होतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी केवळ चर्चेचा नाही.

कॉफी पार्क ही सपाट जमिनीवरची साधी वसाहत होती. डोंगर दूर होते आणि मध्ये सहा पदरी महामार्ग १०१ होता. नकाशात आम्ही धोक्याच्या पट्ट्यात नव्हतोच, त्यामुळे २००८ पासून लागू असलेले बांधकामाचे कडक नियम, म्हणजे चॅप्टर सेव्हन ए, आमच्या भागाला लागू नव्हते. ८ ऑक्टोबरच्या रात्री टब्स आग डोंगरातून निघाली आणि वाऱ्याने उडवलेले निखारे महामार्ग ओलांडून आमच्या छपरांवर येऊन पडले. मोबाइलवर काहीही सूचना आली नाही. समोरच्या घरातील गृहस्थांनी मूठ आपटून दार वाजवले म्हणून आम्ही उठलो. बाहेर आलो तेव्हा ज्वाळा कुठेच दिसत नव्हत्या. रस्त्यावरून फक्त निखारे वाहत होते, आपल्याकडे वळवाच्या आधी वावटळीत पाने वाहतात तसे, आणि जिथे काही अडेल तिथे ते गोळा होत होते: पायरीच्या कोपऱ्यात, गराजच्या दाराखाली, कुंडीमागे. माझ्या डोळ्यांदेखत शेजारच्या घराच्या दारातले पायपुसणे पेटले. त्या आगीत २२ माणसे गेली आणि आमची वसाहत जवळजवळ पूर्ण जळाली.

म्हणून ओंजळ यांना मी हे सांगेन की पाच फुटांचा नियम कागदावर क्षुल्लक वाटला तरी त्यामागचे कारण अगदी खरे आहे. वणव्यात घर पेटते ते बहुतेक वेळा ज्वाळांच्या भिंतीने नव्हे, तर अशा साचलेल्या निखाऱ्यांनी, किंवा शेजारचे घर पेटल्यावर त्याच्या झळीने. निखारा पडणारच, त्याला थांबवणे कोणाच्याच हाती नाही. तो पडेल त्या जागी जळण्यासारखे काही असू नये, एवढेच आपल्या हाती आहे. पोटमाळ्याच्या व्हेंटला, म्हणजे हवा खेळण्याच्या झरोक्याला, एक अष्टमांश इंच किंवा त्याहून बारीक छिद्राची धातूची जाळी लावणे हेही याच कामाचा भाग आहे, कारण व्हेंटमधून आत गेलेला निखारा बाहेरून कोणालाही दिसत नाही.

आमच्यानंतर, २०१८ साली, एसबी ८२१ हा कायदा झाला आणि पाणी-वीज कंपन्यांकडील संपर्क क्रमांक घेऊन रहिवाशांना सूचनायंत्रणेत आपोआप नोंदवण्याची मुभा काउंटींना मिळाली. त्या रात्री हे असते तर समोरच्या गृहस्थांच्या मुठीवर आमचे प्राण अवलंबून राहिले नसते.

चौकट

पायवाट यांच्यावर गुदरलेला प्रसंग वाचून मन अस्वस्थ झाले. तरीही मला वेगळी बाजू मांडायची आहे.

मी निवृत्त आहे आणि लॉस एंजेलिसच्या टेकड्यांवर चाळीस वर्षांपूर्वी घेतलेल्या घरात राहतो. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये झोन झीरोवर पासाडेना येथे जाहीर सुनावणी झाली, तेव्हा माझ्यासारख्या अनेकांनी विरोध नोंदवला आणि तो केवळ हट्ट नव्हता. दाट वस्तीतील लहान भूखंडांवर पाच-पाच फूट सगळीकडून काढले तर अंगणच उरत नाही. उन्हाळ्यात ज्या झाडांच्या सावलीने भिंती थंड राहतात, ती पाणी दिलेली हिरवी झाडे आणि वाळलेले झुडूप यांना एकाच मापाने मोजणे मला शास्त्रीय वाटत नाही. शहरी आगीत घरावरून घर पेटते, म्हणजे मुख्य इंधन घरच असते, हे आता सगळेच मान्य करतात. मग पहिला बडगा माझ्या जास्वंदीवर का?

दुसरा मुद्दा पैशाचा आहे. छप्पर, व्हेंट, खिडक्यांच्या दुहेरी काचा, पन्हळीवरची जाळी आणि कुंपण यांचा खर्च हजारो डॉलरांत जातो. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याने तो कोठून करावा? नियम करणे राज्याला फुकट पडते, पाळणाऱ्याला पडत नाही.

पायवाट

चौकट, खर्चाबद्दल मी आपल्याशी सहमत आहे. झाडांबद्दल नाही. पाणी दिलेल्या झुडपाच्याही पोटात वाळकी पाने आणि काटक्या असतात, त्या वरून दिसत नाहीत. खिडकीखालचे झुडूप पेटले की काच तडकते आणि आग घरात शिरते. घर हे मुख्य इंधन आहे हे खरेच आहे, परंतु त्या इंधनाला काडी लावण्याचे काम या पाच फुटांत होते.

मोठ्या झाडांना सरसकट कुऱ्हाड लावावी असे मीही म्हणणार नाही. खोड भिंतीपासून दूर असेल आणि फांद्या छपरावर टेकत नसतील, तर ते झाड राखायला हवे.

हिशेबनीस

मी विमा व्यवसायात आहे, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो.

लोक तपासनिसापेक्षा विमा कंपनीच्या पत्राला अधिक घाबरतात, आणि त्याला कारण आहे. १९८८ साली मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन १०३ नुसार विम्याचे दर वाढवण्यापूर्वी राज्याच्या विमा आयुक्तांची संमती लागते, आणि ते दर मागील नुकसानीच्या आधारे ठरत. आगी वाढल्या तशा कंपन्यांनी पॉलिसींचे नूतनीकरण नाकारायला सुरुवात केली. २०१८ च्या एसबी ८२४ मुळे आणीबाणी घोषित झालेल्या आगीच्या परिसरात एक वर्ष नूतनीकरण नाकारता येत नाही. पण ते फक्त एका वर्षापुरते आहे. ज्यांना कोणीच विमा देत नाही ते फेअर प्लॅन या शेवटच्या पर्यायाच्या विमा योजनेकडे जातात. त्यात संरक्षण कमी आणि हप्ता जास्त असतो. २०२० च्या सुमारास फेअर प्लॅनच्या सुमारे दोन लाख पॉलिसी होत्या, २०२५ मध्ये त्या पाच लाखांच्या पुढे गेल्या.

२०२४ च्या अखेरीस आयुक्त रिकार्डो लारा यांनी नियम बदलले. पुढील काळातील धोक्याचे गणित मांडणारी प्रारूपे वापरून दर ठरवण्याची परवानगी कंपन्यांना मिळाली आणि त्या बदल्यात, त्यांचा राज्यातील बाजारहिस्सा जेवढा असेल त्याच्या किमान ८५ टक्के प्रमाणात त्यांनी धोक्याच्या भागांतही विमा द्यावा अशी अट घालण्यात आली. यातून हप्ते वाढणार, हे मी कोणापासून लपवणार नाही.

ओंजळ यांच्या प्रश्नाशी याचा संबंध असा. 'सेफर फ्रॉम वाइल्डफायर्स' या २०२२ च्या नियमानुसार पाच फुटांचा पट्टा, जाळीचे व्हेंट, आगरोधक छप्पर अशा सुधारणा केलेल्या घराला आणि सुधारणा केलेल्या वसाहतीलाही कंपनीने हप्त्यात सवलत द्यावीच लागते. सवलत बंधनकारक आहे, परंतु पॉलिसी देणे बंधनकारक नाही. माझ्या मते या संपूर्ण कायदेव्यवस्थेतील सर्वांत मोठी फट हीच आहे. माणसाने पदरमोड करून घर सुधारले आणि तरीही त्याला नकाराचे पत्र आले, तर पुढच्या गल्लीतील माणूस कशासाठी काही करील?

घर विकणाऱ्यांसाठी एक माहिती जोडतो. २०१९ च्या एबी ३८ नुसार, १ जुलै २०२१ पासून, जास्त किंवा अतिशय जास्त धोक्याच्या पट्ट्यातील घर विकताना मोकळ्या जागेचा नियम पाळल्याचा दाखला खरेदीदाराला द्यावा लागतो. दाखला मिळाला नसेल तर तो एका वर्षात मिळवण्याची जबाबदारी खरेदीदार लेखी स्वीकारतो. घर हातबदल होताना काम करून घेणे, ही पद्धत मला योग्य वाटते, कारण त्या वेळी व्यवहारात पैसा खेळत असतो.

मोरपंखी

हिशेबनीस, एक शंका आहे. घर जळाले तर आतील वस्तूंची यादी द्यावी लागते असे ऐकले आहे. चमच्यापर्यंत यादी करायची का?

हिशेबनीस

२०२५ साली एसबी ४९५ मंजूर झाला. घोषित आपत्तीत घर पूर्ण नष्ट झाले तर वस्तूंसाठी असलेल्या विम्याच्या ६० टक्के रक्कम, कमाल साडेतीन लाख डॉलरपर्यंत, यादीशिवाय द्यावी लागते. उरलेल्या रकमेसाठी यादी लागतेच. आज रात्री मोबाइल घेऊन प्रत्येक खोलीत, प्रत्येक कपाट उघडून दोन मिनिटांचे चित्रीकरण करून ठेवा आणि ते घराबाहेर, इंटरनेटवर साठवा.

उत्तरवारा

मी दक्षिण ओरेगॉनमध्ये राहतो. कॅलिफोर्नियाच्या कायद्यांवर चर्चा चालली आहे, म्हणून शेजारच्या राज्यात काय झाले तेही सांगणे मला आवश्यक वाटते, कारण ते धडा घेण्याजोगे आहे.

८ सप्टेंबर २०२० रोजी अल्मेडा आग आमच्या खोऱ्यातील टॅलेंट आणि फीनिक्स या दोन गावांतून गेली आणि अडीच हजारांच्या आसपास घरे जळाली. त्यांत फळबागांमध्ये राबणाऱ्या कुटुंबांच्या तयार घरांच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर होत्या. त्या धक्क्यातून २०२१ साली एसबी ७६२ मंजूर झाला. संपूर्ण राज्याचा, भूखंडनिहाय धोक्याचा नकाशा करायचा आणि सर्वांत धोक्याच्या जागी बांधकामाचे व मोकळ्या जागेचे नियम लावायचे, अशी त्याची रचना होती. कल्पना उत्तमच होती.

३० जून २०२२ रोजी नकाशा आला. त्याआधी गावोगाव बसून कोणी समजावले नव्हते. लोकांच्या हातात थेट पत्र पडले की तुमची मालमत्ता धोक्याच्या वर्गात आहे, आणि हरकत घ्यायची असेल तर मुदत इतकी आहे. पाणी देऊन हिरवी राखलेली शेते लाल आणि पलीकडचे वाळलेले माळ पिवळे, अशा तक्रारी आल्या. विम्याचे दर याच नकाशाने वाढले असा समज पसरला. पाच आठवड्यांत नकाशा मागे घ्यावा लागला. २०२३ साली विमा कंपन्यांनी राज्याचा नकाशा दर ठरवण्यासाठी वापरू नये असा कायदा झाला, पण विश्वास परत आला नाही. जानेवारी २०२५ मध्ये सुधारित नकाशा आला, पुन्हा हरकतींचा पूर आला आणि त्याच वर्षी विधिमंडळाने एसबी ८३ मंजूर करून नकाशा आणि त्याला जोडलेले बंधनच रद्द केले. आता आदर्श नियमावली राज्य देते आणि ती स्वीकारायची की नाही हे स्थानिक संस्थांनी ठरवायचे.

नकाशा चुकीचा होता असे मी म्हणत नाही. ज्या दिवशी पत्र येते, त्याच दिवशी मदतीचा हात आला पाहिजे, हे चौकट यांचे म्हणणे मला आमच्या अनुभवावरून शंभर टक्के पटते. पत्रासोबत छप्पर बदलण्यासाठी अनुदानाचा अर्ज असता, तर आमच्या गावच्या सभेतील निम्मा राग निवळला असता.

माळरान

कोलोराडोतून एक भर घालतो. ३० डिसेंबर २०२१ रोजी मार्शल आगीत लुइसव्हिल आणि सुपीरियर येथील हजाराहून अधिक घरे काही तासांत जळाली. ते जंगल नव्हते, गवताळ माळाला लागून असलेली उपनगरे होती. त्यानंतर २०२३ साली राज्याने वणव्याला तोंड देणाऱ्या बांधकामाची संहिता ठरवण्यासाठी मंडळ स्थापन केले. तोपर्यंत राज्यव्यापी संहिता नव्हतीच, जो तो गाव आपले ठरवत असे. सांता रोझाप्रमाणे आमच्याकडेही 'आपण काही जंगलात राहत नाही' हाच भ्रम होता.

दीपमाळ

मी वीज पारेषणात अभियंता आहे. येथे घरमालकाच्या पाच फुटांवर बरेच लिहून झाले, पण ठिणगी कोठून आली यावर कोणी लिहिलेले नाही.

८ नोव्हेंबर २०१८ रोजी पॅराडाइज शहर जाळणाऱ्या कॅम्प आगीत ८५ माणसे मेली आणि १८ हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या. कारण काय होते? पीजी अँड ई या वीज कंपनीच्या पारेषण मनोऱ्यावर तारेचा इन्सुलेटर ज्या लोखंडी आकड्यावर टांगलेला होता, तो जवळजवळ शंभर वर्षे जुना आकडा झिजून तुटला. ज्यांनी असे आकडे हातात घेतले आहेत त्यांना कल्पना येईल: वारा दररोज थोडे हलवतो, लोखंडावर लोखंड घासते आणि कड्याच्या आतल्या बाजूला एक खाच पडत जाते. जमिनीवरून दुर्बिणीने पाहिले तरी ती दिसत नाही, त्यासाठी माणसाला मनोऱ्यावर चढावे लागते. २०२० साली कंपनीने सदोष मनुष्यवधाचे ८४ आरोप न्यायालयात मान्य केले.

२०१८ चा एसबी ९०१ आणि २०१९ चा एबी १०५४ हे कायदे यासाठी महत्त्वाचे आहेत. वीज कंपन्यांना वणवा-प्रतिबंधाचे आराखडे सादर करावे लागतात, त्यांची तपासणी होते, सुरक्षा प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय नुकसानभरपाईच्या निधीचे पूर्ण संरक्षण मिळत नाही. एबी १०५४ चा निधी २१ अब्ज डॉलरांचा होता. त्याचा निम्मा भार भागधारकांवर आणि निम्मा ग्राहकांच्या बिलांवर टाकला गेला. २०२५ च्या एसबी २५४ ने त्यात आणखी १८ अब्जांची भर घातली. ग्राहकाने हा भार का सोसावा, यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतात. माझे मत असे की कंपनी बुडाली तर आगग्रस्तांना भरपाई मिळत नाही आणि तारांची दुरुस्तीही होत नाही, त्यामुळे हा निधी गरजेचा आहे. मात्र प्रमाणपत्र देताना कागदावरची नव्हे, मनोऱ्यावरची तपासणी मोजली गेली पाहिजे.

सांजवेळ

दीपमाळ, वारा सुटला की वीज बंद करण्याची जी पद्धत आली आहे, तिच्याबद्दलही लिहावे. माझ्या सासूबाई रात्री प्राणवायूच्या यंत्रावर असतात. वीज जाण्याची सूचना आली की आम्ही सिलिंडर मोजत बसतो. आग लागू नये म्हणून वीज बंद करतात हे कळते, पण त्याची किंमत आमच्यासारख्या घरांतले आजारी माणूस मोजते.

दीपमाळ

आपले म्हणणे योग्य आहे आणि ते आम्ही विसरता कामा नये. वैद्यकीय उपकरणे वापरणाऱ्या ग्राहकांसाठी 'मेडिकल बेसलाइन' नावाची नोंदणी असते. ती केली नसेल तर उद्याच करा. त्यामुळे वीज बंद होण्यापूर्वी आपल्याशी स्वतंत्रपणे संपर्क साधला जातो, आणि काही भागांत बॅटरीसाठी साहाय्यही मिळते. दीर्घकालीन उत्तर आच्छादित किंवा भूमिगत तारा हेच आहे, पण ते वर्षानुवर्षांचे काम आहे.

तांबडमाती

मी कोकणात राहतो, अमेरिकेत कधी गेलेलो नाही. माझी बहीण सॅक्रामेंटोत असते म्हणून हा धागा वाचत होतो, आणि वाचता वाचता आमच्याकडचा वणवा आठवत गेला.

आमच्याकडे मार्चपासून डोंगर वाळला की काजूच्या बागेच्या कडेने गवत कापून, वारा पडलेला पाहून सकाळी पेटवून मोकळा पट्टा काढतात. वनखाते जंगलात जाळरेषा काढते ती याच तत्त्वावर. आग आलीच तर निरगुडीच्या ओल्या डहाळ्यांनी झोडपून विझवायची. भाताच्या रोपासाठी राब भाजतानाही जमिनीची, वाऱ्याची आणि वेळेची समज लागते, आणि ज्याला ती समज नाही त्याच्या हातून डोंगर पेटतो. पण कायदा काय म्हणतो? १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ नुसार राखीव जंगलात आग लावणे गुन्हा आहे हे ठीकच, परंतु हेतुपुरस्सर किंवा घोर निष्काळजीपणाने आग लागली तर शासन त्या जंगलातील चराईचे आणि वनोपजाचे सगळ्यांचेच हक्क काही काळ बंद करू शकते. एकाने आग लावली आणि शिक्षा संपूर्ण गावाला. कलम ७९ नुसार विझवायला मदत करणे मात्र हक्कदारांचे कर्तव्य आहे. ज्यांच्याकडे आगीची समज आहे त्यांना आधी संशयित ठरवायचे आणि मग विझवायला बोलवायचे, हे मला लहानपणापासून खटकत आले आहे.

कॅलिफोर्नियातही मूळ रहिवासी जंगल थोडे थोडे जाळून राखत असत असे बहिणीने सांगितले. त्यांच्याबाबत तिथला कायदा काय म्हणतो?

पायवाट

तांबडमाती, आपला प्रश्न फार मोलाचा आहे. कॅलिफोर्निया राज्य झाले त्याच वर्षी, १८५० साली, मूळ रहिवाशांविषयी जो कायदा झाला त्यात गवताळ रान पेटवण्यासाठी शिक्षा ठेवली होती. पुढे जवळजवळ शंभर वर्षे प्रत्येक आग विझवायची हेच धोरण राहिले आणि जंगलाच्या तळाशी काटक्या, पाने, लहान झाडे यांचे जळण साठत गेले.

आता कायदा हळूहळू उलट दिशेने येत आहे. २०२१ च्या एसबी ३३२ नुसार प्रशिक्षित व्यक्तीने योग्य परवान्याने आणि काळजीपूर्वक नियंत्रित जाळणी केली, तर घोर निष्काळजीपणा नसेल तोवर विझवण्याचा खर्च तिच्याकडून वसूल केला जात नाही. त्याच वर्षी एबी ६४२ ने पारंपरिक जाळणीला कायद्यात स्थान दिले, आणि २०२४ च्या एसबी ३१० ने जमातींशी राज्याने थेट करार करण्याची वाट मोकळी केली. त्यानुसार पहिला करार क्लॅमथ नदीच्या खोऱ्यातील कारुक जमातीशी झाला. ज्यांच्या पणजोबांना यासाठी शिक्षा झाली असती, त्यांना आज प्रत्येक वेळी राज्याच्या परवानगीची वाट पाहावी लागणार नाही.

आजोळ

मी पासाडेनाला राहते. ७ जानेवारी २०२५ च्या रात्री ईटन आग आमच्या शेजारच्या अल्टाडेनात उतरली. त्याच दिवशी लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स भागातही आग लागली होती. दोन्ही मिळून १६ हजारांहून अधिक इमारती आणि तीसहून अधिक माणसे गेली. अल्टाडेनातील बहुतेक सर्व मृत्यू लेक अव्हेन्यूच्या पश्चिमेकडे झाले, आणि तिकडे घर सोडण्याचा आदेश पहाटे तीननंतर गेला, आग लागून आठ तासांहून अधिक काळ लोटल्यावर. गेलेल्यांत वृद्ध आणि चालता न येणारे पुष्कळ होते.

म्हणून माझी विनंती आहे की तयारीच्या कायद्याचा विचार करताना जळण आणि विमा यांच्यावरच थांबू नये. २०१९ चे एसबी ९९ आणि एबी ७४७ हे कायदे शहरांना सांगतात की बाहेर पडायला दोन वाटा नसलेल्या वसाहती शोधा आणि रस्त्यांची क्षमता तपासा. पॅराडाइजमध्ये माणसे गाड्यांत अडकली होती, हे त्यामागचे कारण. पण ज्यांच्याकडे गाडीच नाही, किंवा जे स्वतः पलंगावरून उठू शकत नाहीत, त्यांच्या दारात कोण जाणार? आमच्या गल्लीत आम्ही आता अकरा घरांची यादी केली आहे. कोणाकडे कोण जाईल आणि कोणाच्या घराची किल्ली कोणाकडे आहे, ते लिहून ठेवले आहे. समोरच्या ९० वर्षांच्या आजींची किल्ली माझ्या दारामागच्या खिळ्यावर आहे.

चौकट

आजोळ यांचा प्रतिसाद वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. माझ्या घरात मीही एकटाच आहे आणि माझी किल्ली कोणाकडे नाही.

माझा झोन झीरोला असलेला आक्षेप पूर्णपणे मावळलेला नाही. पण पायवाट यांनी झुडपाच्या पोटातील वाळक्या काटक्यांविषयी लिहिले, म्हणून मी सकाळी हातमोजे घालून जास्वंद उघडून पाहिली. आत कोरड्या पानांची मोठी पाटीभर रास निघाली, शिवाय एका पक्ष्याचे जुने घरटे. ती झाडे आता मी कुंड्यांत हलवून भिंतीपासून दूर नेणार आहे. अनुदानाविषयी कोणाला काही ठाऊक आहे का?

हिशेबनीस

चौकट, नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन ४ च्या दहा अब्ज डॉलरांच्या रोख्यांपैकी दीड अब्ज वणवा आणि वनांसाठी राखलेले आहेत. शिवाय २०२५ च्या एबी ८८८ ने कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या घरमालकांना आगरोधक छप्पर आणि पाच फुटांच्या पट्ट्यासाठी अनुदान देणारी योजना स्थापन केली आहे. विमा विभागाच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा. तोपर्यंत आपल्या भागातील फायर सेफ कौन्सिल या स्थानिक संस्थेकडे विचारा. झाडोरा फुकट नेण्याची व्यवस्था अनेक ठिकाणी तेच करतात.

ओंजळ

सर्वांचे मनापासून आभार. एवढे सविस्तर कोणी लिहील असे वाटले नव्हते.

माझ्या मूळ प्रश्नाबाबत, हे सगळे वाचून मी शनिवारी शेजाऱ्यांच्या दारी गेले. नोटीस घेऊन गेले नाही, पायवाट यांचा पायपुसण्याचा प्रसंग सांगितला. त्यांच्या घरात दोन लहान मुले आहेत. आमच्या दोघांच्या मधले लाकडी कुंपण सामाईक आहे आणि ते त्यांच्याही भिंतीला भिडलेले आहे. दोन्ही टोकांचे पाच-पाच फूट काढून तिथे लोखंडी जाळीचे फाटक लावायचे आणि खर्च निम्मा-निम्मा करायचा, असे ठरले. राज्याचे अंतिम नियम काहीही येवोत, एवढ्या कामाला त्यांची वाट पाहण्याची गरज नाही. वसाहत म्हणून सवलत मिळण्यासाठी किती घरे लागतात ते हिशेबनीस यांनी सांगितले, तर पुढच्या रविवारी वरच्या अंगाच्या सहा घरांकडे जाईन.

पन्हळी काल साफ केल्या. दोन बादल्या पाने निघाली. जुनिपर काढायला माणूस बुधवारी येणार आहे. तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या खुडून ठेवल्या आहेत, त्यांतले बी कोणाला हवे असेल तर कळवावे.